दिवसाची वीज : सूर्याचे देणे आणि गावाची राखण

मार्गशीर्षातील रात्र. गहू अठरा-वीस दिवसांचा झालेला, मुकुटमुळे फुटण्याची अवस्था आलेली आणि त्या भागातील वाहिनीवर वीज येण्याची वेळ रात्री दहाची. घरची माणसे निजानीज करू लागतात त्या वेळी घरधनी कानाला मफलर गुंडाळून, हातात विजेरी आणि खांद्यावर फावडे घेऊन विहिरीची वाट धरतो. बांधावरचे गवत दवाने भिजलेले असते व पायाखालचे नीट दिसत नाही. पाणी दांडाला लागते, एक वाफा भिजतो, दुसरा भिजतो आणि मध्यरात्रीनंतर वीज जाते. आता ती परत येईल की नाही हे कोणास सांगता येत नाही. घरी जावे तर ती येऊन पाणी भलत्याच रानात फुटेल. थांबावे तर थंडीत कुडकुडत बसावे लागेल. पहाटे वीज आलीच, तर झापड आलेल्या डोळ्यांनी उरलेले वाफे कसेबसे भिजवावयाचे आणि दिवस उजाडताच पुन्हा गुराढोरांच्या कामाला लागावयाचे. महाराष्ट्रातील बागायतदार शेतकऱ्याच्या जीवनात हा प्रसंग नवा नाही. कित्येक वर्षे रब्बीचा हंगाम अशाच रात्रींवर उभा राहिला आहे.

या रात्रपाळीची किंमत केवळ झोपमोडीत मोजता येत नाही. मण्यार व घोणस हे विषारी साप मुख्यतः रात्री हिंडणारे असल्याने अंधारात दारे धरणाऱ्या माणसास त्यांचा धोका सर्वांत अधिक. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पुणे जिल्ह्यातील तालुक्यांत उसाच्या आश्रयाने बिबटे वाढले आहेत आणि तेथे रात्री उसाला पाणी देणे हे जिवावरचे काम होऊन बसले आहे. ओल्या जमिनीत उभे राहून अंधारात स्टार्टरच्या पेटीशी हात घालणे हेही तसेच. शिवाय ज्या घरात शेती बाईच्या हाती आहे, त्या घरास रात्रीची वीज जवळजवळ न मिळाल्यासारखीच असते. म्हणून “शेतीला वीज द्या” या जुन्या मागणीची जागा “शेतीला वीज दिवसा द्या” या मागणीने घेतली, यात नवल नाही.

ही मागणी पुरी करण्याचे साधन आता हाती येत आहे. ते साधन म्हणजे सूर्यप्रकाशापासून होणारी वीज होय. तथापि वीज निर्माण होणे आणि ती भरवशाने विहिरीपर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट सूर्य आणि शासन यांच्या आधाराने होऊ शकते. दुसरीचा मोठा भाग मात्र गावाच्याच हाती आहे. या दोन्ही बाजू शेतकऱ्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

शेतीची वीज रात्रीची का झाली?

महाराष्ट्रात विजेचे मोठे उत्पादन प्रथम पाण्यापासून झाले. खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. स्वतंत्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि १९६२ पासून कोयनेची जनित्रे फिरू लागली. विजेच्या तारा खेडोपाडी गेल्या, मोट सुटली, ऑइल इंजिन मागे पडले आणि विहिरीवर विजेची मोटर बसली. विजेची मागणी जशी वाढत गेली तसा तिचा मुख्य भार कोळशावर चालणाऱ्या औष्णिक केंद्रांवर आला.

औष्णिक केंद्राचा एक स्वभाव आहे. त्याची भट्टी एकदा पेटली म्हणजे ती लवकर विझविता येत नाही आणि विझविली तर लवकर पेटविता येत नाही. दिवसा कारखाने, कचेऱ्या, रेल्वे व संध्याकाळी घरोघरचे दिवे यांची मागणी मोठी असे. रात्री दहानंतर ती ओसरली की वीज उरे. ही उरलेली वीज कोणास द्यावयाची? ज्याचे काम रात्रीही होऊ शकते असा मोठा ग्राहक एकच होता, आणि तो म्हणजे शेतकरी. म्हणून कृषी वाहिन्यांना काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री, असा आळीपाळीने ठरावीक तासांचा तीन-फेज पुरवठा करण्याची पद्धत पडली. टंचाईच्या काळात, विशेषतः २००५ नंतरच्या काही वर्षांत, भारनियमनाने ग्रामीण भागाचे हाल केले तेव्हा तर मिळेल त्या वेळेची वीज गोड मानून घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

मार्च २०२४ अखेर राज्यात सुमारे ४७ लाख कृषिपंप ग्राहक होते. संख्येने ते एकूण ग्राहकांच्या सुमारे सोळा टक्के असले तरी विजेचा सुमारे तीस टक्के वापर त्यांच्याकडे होता. एवढी मोठी मागणी कोणत्या वेळी पुरवावयाची, हा प्रश्न साऱ्या विद्युत जाळ्याच्या तोलाचा प्रश्न होय.

आता वीज दुपारी उरू लागली

गेल्या पंधरा वर्षांत हे चित्र पालटले. २०१० साली देशात राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. त्या वेळी सौर वीज फार महाग पडत असे. पुढे सौर पट्ट्यांची किंमत झपाट्याने उतरली. राजस्थानातील भडला येथील प्रकल्पासाठी २०१७ मध्ये युनिटला २ रुपये ४४ पैसे असा दर निघाला, तेव्हा सौर वीज कोळशाच्या विजेशी टक्कर देऊ शकते हे सर्वांच्या ध्यानात आले. २०२५ च्या आरंभी भारताची सौर विद्युत क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली.

याचा परिणाम शेतकऱ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. सौर वीज सकाळी वाढत जाते, भर दुपारी सर्वांत अधिक होते आणि सूर्य कलला की उतरते. ती साठवून ठेवणे खर्चाचे काम आहे. म्हणजे पूर्वी जी वीज मध्यरात्री उरत असे, ती आता भर दुपारी उरू लागली आहे. विहिरीचे पाणी मात्र दुपारीही तितक्याच सोयीने उपसता येते. दिवसा वीज देणे ही आता शेतकऱ्यावरील केवळ मेहेरबानी राहिलेली नाही. विद्युत जाळ्याचीच ती गरज बनली आहे. कृषिपंप हा दुपारच्या विजेचा स्वाभाविक गिऱ्हाईक आहे.

सौर कृषी वाहिनी म्हणजे काय?

उपकेंद्रातून ११ किलोव्होल्ट दाबाची जी तार गावोगावच्या रोहित्रांपर्यंत जाते तिला वाहिनी किंवा फीडर म्हणतात. गावठाणाची वाहिनी व शेतीची वाहिनी या वेगळ्या केल्या म्हणजे शेतीचा पुरवठा दिवसाच्या ठरावीक वेळी देणे शक्य होते. अशा कृषी वाहिनीस लागणारी वीज तिच्या उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून पुरविणे, ही मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची कल्पना होय. ही योजना २०१७ मध्ये आली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आला. दुसऱ्या टप्प्यातील पहिला प्रकल्प २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे कार्यान्वित झाला. त्याची क्षमता ३ मेगावॅट असून त्याचा लाभ सतराशेहून अधिक शेतकऱ्यांसाठी आहे. त्याच वर्षी ५ ऑक्टोबर रोजी धोंदलगावसह नांदेड जिल्ह्यातील बामणी, कोल्हापूर जिल्ह्यातील कोंडिग्रे, अकोला जिल्ह्यातील जलालाबाद व बुलडाणा जिल्ह्यातील पळशी येथील मिळून १९ मेगावॅटच्या पाच प्रकल्पांचे उद्घाटन झाले.

अशा प्रकल्पाचा लाभ दुहेरी असतो. वीज दूरच्या केंद्राकडून शेकडो मैलांचा प्रवास करून येण्याऐवजी शिवारातूनच येते, त्यामुळे वाटेतील गळती कमी होते व वाहिनीवरील विद्युतदाब सुधारतो. दुसरे असे की ही वीज दिवसाचीच असल्याने पुरवठाही दिवसाच ठेवावा लागतो.

एक मेगावॅटसाठी साधारणतः चार ते पाच एकर जागा लागते. ही जागा उपकेंद्राच्या जवळ असावी लागते. तिच्यासाठी गायरानादी शासकीय जमिनी घेतल्या जातात, तसेच खाजगी पडीक जमीनही भाडेपट्ट्याने घेतली जाते. २०२३ च्या टप्प्यात खाजगी जमिनीस हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे व त्यात दर वर्षी तीन टक्के वाढ असे ठरविण्यात आले. मुरमाड, खडकाळ, पीक न येणाऱ्या जमिनीच्या मालकास हे उत्पन्न आधाराचे होऊ शकते. काळीची सुपीक जमीन मात्र अशा कामी देण्यापूर्वी पुष्कळ विचार करावा. गायरानाच्या बाबतीतही गावातील मेंढपाळ व भूमिहीन पशुपालक यांच्या चराईची सोय काय, हा प्रश्न जागा ठरविण्यापूर्वीच ग्रामसभेत मांडून घ्यावा. प्रकल्प उभा राहिल्यावर उठणारा तंटा कोणाच्याच हिताचा नसतो.

ढग आले तर?

“पाऊस-ढगाळ दिवशी आमची वीज जाणार काय?” असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. सौर कृषी वाहिनीवर अवलंबून असलेल्यांना याची फार काळजी करण्याचे कारण नाही. हा प्रकल्प सुटा नसून उपकेंद्रामार्फत राज्याच्या विद्युत जाळ्यास जोडलेला असतो. ढग आले की तुटीची वीज जाळ्यातून येते. पंप कमी चालले की उरलेली वीज जाळ्यात जाते.

या जाळ्यात निसर्गाने एक मोठी सोय करून ठेवली आहे. ज्या आषाढ-श्रावणात सूर्य झाकलेला असतो, त्याच वेळी सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारांवरील आणि धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांना वारा मुबलक असतो, आणि शेतीला पाण्याची गरजही कमी असते. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झाले की साखर कारखान्यांत उसाच्या चिपाडापासून होणारी वीज मिळू लागते. संध्याकाळी सूर्य मावळतो व दिव्यांची मागणी वाढते तेव्हा कोयनेसारखे केंद्र उपयोगी पडते. कारण पाण्याची जनित्रे काही मिनिटांत पूर्ण भार उचलू शकतात. कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. परंतु तेथून पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट अशी कृष्णा पाणी तंटा लवादाने घातलेली मर्यादा आहे. म्हणून ते पाणी कंजुषीने, नेमक्या गरजेच्या वेळीच वापरावे लागते.

उरलेली वीज साठविण्याचाही एक मार्ग राज्यात प्रत्यक्ष चालू आहे. अहिल्यानगर व ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरील घाटघर येथे २००८ पासून २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प काम करीत आहे. वीज उरते त्या वेळी घाटाखालच्या जलाशयातील पाणी वरच्या जलाशयात चढवावयाचे आणि टंचाईच्या वेळी तेच पाणी खाली सोडून वीज करावयाची, अशी ही योजना आहे. चढविण्यास जेवढी वीज लागते तेवढी परत मिळत नाही हे खरे. पण वाया जाणारी वीज नडीच्या वेळी हाती येते. जुन्या शेतकऱ्याने सुगीचे धान्य पेवात ठेवावे तसाच हा प्रकार आहे.

येथे एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. गावात सौर प्रकल्प आहे, ऊन रखरखीत आहे, तरी वीज गेली की लोक रागावतात. परंतु जाळ्यातील पुरवठा खंडित झाला की सौर प्रकल्पही आपोआप बंद व्हावा अशीच त्याची रचना असते. तसे नसते तर तार बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या तारतंत्र्याच्या जिवावर बेतले असते. यास्तव प्रकल्प कितीही मोठा असला तरी उपकेंद्र, तारा, खांब आणि रोहित्र ही धडधाकट नसतील तर उन्हाची वीज विहिरीपर्यंत पोहोचणार नाही.

रोहित्राचा हिशेब

गावकरी ज्यास डीपी म्हणतात ते रोहित्र हा या साखळीतील सर्वांत दुबळा दुवा होय. ते जळले की ऐन हंगामात काही दिवस पाणी बंद पडते. आणि गव्हाला मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, म्हणजे पेरणीपासून १८ ते २१ दिवसांत, पाणी चुकले तर फुटवा कमी येऊन उत्पादनात जी घट येते ती मागाहून कितीही पाणी दिले तरी भरून निघत नाही. म्हणून रोहित्र का जळते, याचा हिशेब प्रत्येकाने एकदा मांडून पाहावा.

समजा, रोहित्र १०० केव्हीए क्षमतेचे आहे. पाच अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराने चालताना सुमारे ४.७ किलोवॅट वीज घेते. कपॅसिटर नसेल तर शक्तिगुणक साधारण ०.८ धरावा. म्हणजे एका मोटरीचा भार सुमारे ५.८ केव्हीए होतो आणि त्या रोहित्रावर अशा सतरा मोटरी एका वेळी चालू शकतात. आता त्या सतरांपैकी सहा जणांनी नोंद पाच अश्वशक्तीची ठेवून मोटर साडेसात अश्वशक्तीची बसविली, आणि आणखी तिघांनी आकडे टाकले, तर भार सुमारे एकशे तीस केव्हीएवर जातो. रोहित्र तापते, तेल उकळते, विद्युतदाब उतरतो. दाब उतरला की मोटर तेवढ्याच कामासाठी अधिक प्रवाह ओढते व तीही तापते. शेवटी रोहित्र जळते किंवा मोटरीचे वायंडिंग जळते, बहुधा दोन्ही. जादा अश्वशक्ती लपविणाऱ्याचे पाणीही मग सर्वांबरोबर बंद पडते.

ज्यांची मोटर नोंदीपेक्षा मोठी आहे त्यांनी वाढीव भाराची रीतसर नोंद करावी. ती नोंद नसेल तर मोठे किंवा दुसरे रोहित्र मागण्यास आधारच राहत नाही. फ्यूज वारंवार जातो म्हणून तेथे जाड तार बांधण्याची चाल गावोगाव दिसते, ती तत्काळ बंद झाली पाहिजे. फ्यूज हा रोहित्राचा राखणदार आहे. तो जातो याचा अर्थ भार जास्त आहे.

ऑटोस्विच : रात्रीची सोय, दिवसाचा शत्रू

रात्रीच्या विजेने शेतकऱ्यास ऑटोस्विच बसविण्यास भाग पाडले. वीज केव्हा येईल याचा नेम नाही, तेव्हा ती आली की मोटर आपोआप सुरू व्हावी, एवढीच त्यामागील इच्छा होती. परंतु त्याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. मोटर सुरू होताना काही क्षण तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह घेते. १०० केव्हीए रोहित्राची पूर्ण भारक्षमता सुमारे १३९ अँपिअर आहे. सतरा मोटरी ऑटोस्विचमुळे एकाच क्षणी सुरू झाल्या तर आठशे अँपिअरपर्यंत प्रवाहाची मागणी होते. एवढ्या ओढीने दाब कोसळतो, मोटरींना वेग धरता येत नाही व तो क्षणांचा भार लांबत जातो. मग फ्यूज उडतो आणि आलेली वीज आल्यापावली परत जाते. साऱ्या वाहिनीवर असे घडले म्हणजे उपकेंद्रातील ब्रेकरही पडतो. “वीज येते आणि लगेच जाते” या तक्रारीचे मूळ कित्येकदा येथेच सापडते.

दिवसाची वीज ठरल्या वेळी मिळू लागल्यावर ऑटोस्विचची गरजच उरत नाही. तो काढून टाकणे उत्तम. ज्यांना तो ठेवणे भागच आहे त्यांनी उशिराने मोटर सुरू करणारा टायमर बसवून प्रत्येकाची वेळ निराळी ठेवावी. पहिल्याची मोटर एका मिनिटाने, दुसऱ्याची दोन मिनिटांनी, याप्रमाणे क्रम लावला की रोहित्रावर धक्का बसत नाही. एक फेज गेल्यास मोटर बंद करणारे साधनही स्टार्टरमध्ये असावे; दोन फेजवर ओढाताण करून चालविलेली मोटर फार काळ टिकत नाही.

कपॅसिटरचा लाभ

कपॅसिटर ही छोटीशी डबी दुर्लक्षित राहते. पाच अश्वशक्तीच्या मोटरीस सुमारे २ केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर जोडला म्हणजे शक्तिगुणक ०.८ वरून ०.९५ पर्यंत सुधारतो. पाणी तेवढेच उपसले जाते. पण तारेतून वाहणारा प्रवाह सुमारे सोळा टक्क्यांनी घटतो. तारेतील गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती जवळजवळ तीन दशांश कमी होते. वर सांगितलेल्या रोहित्रावर सर्वांनी कपॅसिटर लावले तर सतराऐवजी वीस मोटरी चालू शकतील. म्हणजे तीन शेतकऱ्यांची सोय नवे रोहित्र न आणता झाली. मात्र हे एकट्यादुकट्याने करून भागत नाही. सतरांपैकी दोघांनीच कपॅसिटर लावले तर त्याचा लाभ जाणवत नाही आणि ते दोघेही पुढे कंटाळून काढून टाकतात.

पाळीचा करार

रोहित्राप्रमाणेच सौर प्रकल्पाचाही हिशेब आहे. एक मेगावॅटचा प्रकल्प वर्षाला साधारण सोळा-सतरा लाख युनिट, म्हणजे सरासरीने दिवसाला साडेचार हजार युनिट वीज देतो. तीन मेगावॅटचा प्रकल्प दिवसाला साडेतेरा हजार युनिट देईल. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला तर सुमारे ३७ युनिट लागतात. यावरून असा प्रकल्प स्वतःच्या बळावर सुमारे साडेतीनशे पंप दिवसभर चालवू शकतो असे दिसते. वाहिनीवर पंप याहून पुष्कळ अधिक असतात, परंतु सर्वांना रोज आठ तास पाण्याची गरज नसते. काळ्या जमिनीतील हरभऱ्यास दोन-तीन पाळ्यांवर पाणी लागत नाही आणि माळव्यास थोडे पण वरचेवर लागते. गरज वाटून घेतली तर प्रकल्पाची वीज पुरते. सर्वांनी सकाळी एकदमच बटण दाबले तर जाळ्यावर ताण येतो.

म्हणून एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी हंगामाच्या आरंभी एकत्र बसून पाळी लावून घ्यावी. पाटाच्या पाण्याची पाळी शेतकऱ्यास परकी नाही. धुळे-नाशिक भागातील फडपद्धतीत कित्येक पिढ्या पाण्याची वाटणी गावानेच सांभाळली. विजेची वाटणी त्याच शहाणपणाने करता येईल.

सुटा सौर पंप

जेथे विजेची तार पोहोचलेली नाही किंवा नवी जोडणी लांबणीवर पडते तेथे सुटा सौर पंप हा मार्ग आहे. २०१९ च्या प्रधानमंत्री कुसुम योजनेतून, तसेच २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतून असे पंप देण्यात येऊ लागले. या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के हिस्सा भरावयाचा असतो. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच व त्याहून अधिक जमिनीस साडेसात अश्वशक्तीचा पंप असे प्रमाण ठरविलेले आहे.

हा पंप जाळ्यास जोडलेला नसतो, त्यामुळे ढगाळ हवेत पाणी कमी येणार व सूर्यास्तानंतर येणारच नाही, हे समजूनच तो घ्यावा. सकाळी नऊ ते दुपारी चारपर्यंतचा काळ त्याच्या कामाचा. जेथे शेततळे किंवा उंचावर टाकी आहे तेथे दिवसभर पाणी साठवून हवे तेव्हा सोडता येते. पट्ट्यांवर धूळ बसली की वीज घटते. म्हणून त्या सकाळी थंड असताना स्वच्छ पाण्याने व मऊ फडक्याने पुसाव्यात. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. बोर-बाभळीची सावली पट्ट्यांच्या एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादनात मोठी घट येते, हेही लक्षात ठेवावे.

विहिरीचा तळ

एक सावधगिरीचा इशारा दिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी साठण्यास जागा थोडी. वीज रात्रीची व बेभरवशाची होती तोवर उपशाला आपोआप आळा बसत असे. दिवसाची वीज आली, शिवाय २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे वीजबिल शासनाने माफ केले. सुट्या सौर पंपास तर बिलच नाही. अशा स्थितीत पंप चालू ठेवण्याचा मोह होणे साहजिक आहे. परंतु सूर्य रोज उगवतो, तसे विहिरीत पाणी रोज भरत नाही. ते वर्षातून एकदाच, पावसाळ्यात भरते. चैत्रात विहिरीचा तळ उघडा पडला तर उत्तम प्रकाराची वीजही निरुपयोगी ठरेल.

उलट दिवसाच्या विजेने पाणी वाचविण्याची संधीही आणली आहे. अंधारात दांड फुटून वाया जाणारे पाणी दिवसा डोळ्यांपुढे राहते. वाफा भरला की बारे लगेच मोडता येते. ठिबकच्या नळ्या कोठे तुंबल्या, कोठे गळतात हे उजेडात दिसते. तुषार संच मात्र भर दुपारच्या उन्हावाऱ्यात न चालविता सकाळच्या प्रहरी चालवावा.

दिवसाच्या विजेने घराचा कामाचा क्रमही बदलेल. जोडीने दारे धरता येतील, मुलाची शाळा बुडवून त्यास रात्री विहिरीवर सोबतीस न्यावे लागणार नाही आणि एकट्या बाईलाही आपल्या शेताचे पाणी स्वतः देता येईल. हे सर्व साधावयाचे तर येत्या रब्बीपूर्वी प्रत्येक गावाने चार कामे उरकून घ्यावीत : तारांवर झुकलेल्या फांद्या तोडण्यासाठी वीज कंपनीस कळवावे, मोटरींच्या खऱ्या अश्वशक्तीची नोंद करावी, ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसवावेत, आणि प्रत्येक रोहित्रावरील पाळीचा कागद लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. गव्हाची पेरणी होण्यापूर्वी हे झाले, तर मार्गशीर्षात मुकुटमुळांचे पाणी दिवसाउजेडी देऊन घरधन्यास रात्री आपल्या घरी झोपता येईल.